ऑर्किडचा विसावा

मागच्या खेपेला मी अबोलीविषयी बोलले, त्यानंतर केंद्रावर बरेच फोन आले. त्यातला एक माझ्या मनात राहिला. खालच्या वाडीतली एक वहिनी विचारत होती, "ताई, मुलाच्या लग्नात कोणीतरी कुंडीतलं ऑर्किड दिलं होतं. दोन महिने काय फुललं म्हणून सांगू! आता नुसत्या कांड्या राहिल्यात. पानं पिवळी पडून गळायला लागलीत. पाणी वाढवलं तरी सुधारत नाही. टाकू का उकिरड्यावर?"

मी घाईघाईने म्हटलं, "टाकू नको, आणि आधी ते पाणी कमी कर." का कमी करायचं ते फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं. त्यामागे दोनशे-तीनशे वर्षांची गोष्ट आहे. थोडी आमच्या गटाचीही आहे. आज दोन्ही सांगते.

आधी आमची. चार वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने गटातूनच कर्ज काढून ऑर्किडच्या चाळीस कुंड्या आणल्या. डेंड्रोबियम जातीच्या, जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या. गणपतीत दांडे विकले गेले, चार पैसे हातात आले, सगळ्या खूश. दिवाळीपर्यंत फुलं संपली. मग जुन्या कांड्यांची पानं पिवळी पडून गळायला लागली. पाण्याचं काम माझ्या धाकट्या जावेकडे होतं. तिला वाटलं, झाडं उपाशी आहेत. तिने एका वेळेचं पाणी दोन वेळा केलं, वर शेणाचं पातळ पाणी घातलं, कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या. थंडीत महिन्याभरात कांड्या मऊ पडल्या, दाबलं की तपकिरी पाणी यायचं. चाळीसातल्या सव्वीस कुंड्या गेल्या. मासिक बैठकीत सगळ्या तिच्यावर घसरल्या. एकीने तर म्हटलं, "हिच्या हाताला गुणच नाही." मी तिची सख्खी जाऊ, पण मीही खाली मान घालून गप्प बसले. पुढच्या महिन्यात तिने गट सोडला.

तिने काय केलं होतं? आजारी माणसाला आपण जे करतो तेच. जास्त खाऊपिऊ घातलं, ऊब दिली, सारखी उठून बघत राहिली. नंतर मी ऑर्किडविषयी वाचायला लागले आणि मला कळलं की हीच चूक जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या माळ्यांनी केली होती. तीसुद्धा एका हंगामात नाही, कित्येक वर्षं.

ही गोष्ट इंग्लंडमधली आहे. तिकडे थंडी फार, बर्फ पडतो, त्यामुळे उष्ण देशातली झाडं तिथे उघड्यावर जगत नाहीत. १७३१ साली लंडनच्या पीटर कॉलिन्सन या कापडाच्या व्यापाऱ्याकडे बहामा बेटांवरून एक वाळवलेली वनस्पती आली. कागदात दाबून ठेवायचा नमुना म्हणूनच ती पाठवलेली होती. पण कॉलिन्सनला तिच्या खालच्या कंदात धुगधुगी वाटली. त्याने तो कंद एका ओळखीच्या सरदाराच्या बागेत लावायला पाठवला. हिवाळाभर उबेत ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला फुलं आली! इंग्लंडमध्ये परदेशातून आलेल्या ऑर्किडपैकी फुललेलं हे पहिल्यांतलं एक. म्हणजे तिकडची ऑर्किडची गोष्ट सुरूच झाली ती मेलं समजलेल्या झाडापासून. त्यातला धडा मात्र कोणी घेतला नाही.

पुढे शंभर वर्षांत इंग्रजांची जहाजं जगभर फिरू लागली आणि श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं. वेडच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. जहाजातून हजारो रोपं यायची. बरीचशी वाटेतच मरायची. जी पोचायची त्यांना काचघरात ठेवत. त्या काचघराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सगळीकडून काच, ती घट्ट बंद, आत कोळशाची भट्टी पेटलेली, पाण्याची वाफ कोंडलेली, वरून सावली केलेली. रात्रंदिवस, बाराही महिने तसंच. आपल्याकडे भाद्रपदात पाऊस थांबून जसं घामटं होतं, तसं वर्षभर.

असं का करत? कारण त्यांची एक ठाम समजूत होती. ऑर्किड उष्ण देशातून येतात, उष्ण देशातली जंगलं म्हणजे गरम, ओली, काळोखी, तर ऑर्किडलाही तेच हवं असणार. जॉन लिंडली हा त्या काळचा ऑर्किडचा सगळ्यात मोठा जाणकार. त्यानेही १८३० मध्ये हेच सांगितलं: भरपूर उष्णता, दाट सावली, खूप ओलावा. मोठा माणूस बोलला म्हटल्यावर बागाबागांतून माळी तेच करू लागले. झाडं यायची, एखाद-दुसऱ्या वर्षी फुलायची आणि कुजून मरायची. मेली की नवी मागवायची. क्यू नावाचं लंडनजवळचं प्रसिद्ध सरकारी उद्यान आहे, तिथल्या मोठ्या शास्त्रज्ञांनीच पुढे कबूल केलं की इतकी वर्षं आपला देश म्हणजे ऑर्किडचं स्मशान झाला होता.

लिंडलीने पुढे, रोपं गोळा करणाऱ्या लोकांकडून खऱ्या हवामानाची माहिती आल्यावर, आपलं मत बदललं. हे मला आवडलं. मोठ्या माणसाने चूक सुधारली की ती आपोआप लहान होते.

आता गोष्ट आपल्या देशात येते. चॅट्सवर्थ इथे एका ड्यूकची, म्हणजे मोठ्या जमीनदाराची बाग होती. जोसेफ पॅक्स्टन हा तिथला मुख्य माळी. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, पण नजर तीक्ष्ण. त्याने ड्यूकला सांगून जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात पाठवलं. गिब्सन १८३५ मध्ये जहाजात बसला आणि १८३६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला उतरला. इतके महिने लागायचे, आफ्रिकेला वळसा घालून यावं लागे. तिथून तो चेरापुंजीला, खासी डोंगरात गेला. आजचा मेघालय. (जाता जाता सांगते, खासी लोकांत मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात आणि घर धाकट्या मुलीकडे जातं. ऐकून बऱ्याच जणींना तिकडे जावंसं वाटेल!) गिब्सनने तिथून इतके ऑर्किड गोळा केले की त्यांतले ऐंशीहून अधिक प्रकार इंग्लंडला नवे होते. ते काचेच्या बंद पेट्यांत घालून कलकत्त्यामार्गे १८३७ मध्ये चॅट्सवर्थला पोचले.

पॅक्स्टनने या झाडांना एका भट्टीत कोंडलं नाही. डोंगरावरची वेगळी, सपाटीवरची वेगळी, अशी त्याने काचघरं वाटून दिली. उष्णता कमी केली. खिडक्या उघडल्या, वारा आत घेतला. पाणी झाडाच्या मुळाशी सतत ओतण्यापेक्षा वाटेवर शिंपडून हवेत ओलावा ठेवला. चॅट्सवर्थची झाडं जगली, म्हणून इतर बागांचे माळी बघायला येऊ लागले.

तरी खरं कोडं सुटायचं होतं. फुलं येऊन गेल्यावर झाडाला काय हवं असतं?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर १८५० साली खासी डोंगरातच मिळालं. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ, वर ज्या क्यू उद्यानाचं नाव घेतलं त्याचा पुढे संचालक झालेला, त्या वर्षी तिथे फिरत होता. एका गावाजवळच्या ओकच्या रानात त्याला निळ्या फुलांचं ऑर्किड दिसलं. त्याचं नाव वांडा सेरुलिया, आपण निळी वांडा म्हणू. आकाशासारखी निळी फुलं, वाऱ्यावर झुलणारी. लंडनमध्ये या झाडासाठी लोक वाटेल ती किंमत द्यायला तयार होते आणि काचघरात ते जगवणं अवघड जात होतं.

हूकरने ते झाड तिथे कसं राहतं ते बारकाईने पाहिलं आणि पुढे आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहून ठेवलं. समुद्रसपाटीपासून तीन-चार हजार फूट उंच गवताळ टेकड्या. झाडं खुरटी, वेडीवाकडी, पानं विरळ. म्हणजे निळी वांडा चक्क उघड्यावर, ऊन-पाऊस-वारा सगळं अंगावर घेत. फांदीवर शेवाळही नाही, मुळं कोरड्या खरबरीत सालीवर पसरलेली. पावसाळ्यात भरपूर पाऊस, पण कोंदट नाही. फुलण्याच्या दिवसांत दिवसा हवा आणि साल दोन्ही कोरडी. फुलं सरली की थंडी, इतकी की जमिनीवर दहिवर गोठतं. त्याने सरळ लिहिलं की ही थंडी, हा उन्हाळा, ही पावसानंतरची कोरड आणि हा मोकळा वारा, नेमक्या याच गोष्टींपासून इंग्लंडमध्ये आपण ऑर्किडला जपतो.

ज्याच्यापासून जपत होते, तेच त्या झाडाला हवं होतं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या जावेच्या ताटल्या आठवल्या.

पण याच हूकरची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याने निळ्या वांडाची सात माणसांच्या पाठीवर मावतील एवढी ओझी क्यूसाठी गोळा केली. त्यातली फारच थोडी रोपं जिवंत पोचली. एका गृहस्थाने आपल्या माळ्याला त्याच्याबरोबर जागा बघायला धाडलं होतं; त्या गृहस्थाने एका माणसाचं ओझं पाठवलं, ते वाईट हालतीत पोचूनही तीनशे पौंडांना विकलं गेलं. एकेक रोप तीन ते दहा पौंडांना. त्या काळी इंग्लंडमध्ये घरची सगळी कामं करणाऱ्या मोलकरणीला वर्षाचे साधारण दहा पौंड मिळत. म्हणजे एका रोपात एका बाईचं वर्ष. हूकरने हेही लिहिलं की हुशार माणूस खासी ऑर्किड विकून एका हंगामात दोन-तीन हजार पौंड कमावू शकेल. लोकांनी तेवढंच वाक्य नीट वाचलं असावं. डोंगरच्या डोंगर ओरबाडले गेले. ओझी वाहणाऱ्या त्या सात जणांची नावं मात्र पुस्तकात नाहीत, नुसती ओझी मोजलेली आहेत.

दक्षिण अमेरिकेत तर याहून वाईट झालं. ॲल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड गोळा करणाऱ्याने १८९१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात तो अगदी सहज सांगतो की कोलंबियात दहा हजार रोपांसाठी चार हजार झाडं तोडली. फांदीवरचं फूल मिळवायला सगळं झाड आडवं.

आणि असं ओरबाडलेलं रान लवकर भरून येत नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, एका शेंगेत हजारोंनी, पण त्या बियांत शिदोरीच नसते. आपल्या वालाच्या दाण्यात कोंबासाठी दोन डाळिंब्यांत खाऊ भरलेला असतो, तसं काही नाही. जमिनीत किंवा सालीत एक विशिष्ट बुरशी भेटली, तर ती त्या बियाला भरवते. हे कोडं नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये सोडवलं. हजारो बियांतून एखादं रोप होतं आणि त्याला फूल यायला कैक वर्षं जातात. आज निळी वांडा आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. बाजारात मिळतात ती रोपं रोपवाटिकेत वाढवलेली असतात, ती खुशाल घ्यावीत. रानातलं मात्र रानात राहू द्यावं.

इकडे इंग्लंडमध्ये माळी हळूहळू शहाणे होत होते. बेंजामिन विल्यम्स या माळ्याने १८५२ मध्ये ऑर्किड लावणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. ते इतकं चाललं की पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. त्यात झाडाच्या विसाव्याच्या काळाविषयी वेगळं सांगितलेलं होतं: वाढ पुरी झाली की पाणी कमी करा, हवा थंड ठेवा, झाडाला निजू द्या. कोळसा जाळून बाराही महिने उन्हाळा करणाऱ्यांना हे शिकायला इतका काळ लागला.

आपल्याला त्यासाठी खासी डोंगरात जायला नको. आपल्या सह्याद्रीत वर बघितलं तरी पुरे. आंब्या-फणसाच्या खोडावर बोटाएवढ्या गाठीदार कांड्यांचे झुबके दिसतात ना? आपण त्यांना सरसकट बांडगूळ म्हणतो. ते बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून त्याचा रस पितं. ऑर्किड नुसतं सालीवर बसतं, पावसाचं पाणी आणि सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर जगतं, झाडाकडून जागेशिवाय काही घेत नाही. आपल्याकडच्या रानटी डेंड्रोबियमला पावसाळ्यात पानं येतात. पाऊस गेला की पानं गळतात आणि उघड्याबोडक्या कांड्या राहतात. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. मग थंडीत नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच वाळक्या दिसणाऱ्या कांड्यांवर नाजूक पांढरी फुलं येतात. त्या कांड्यांमध्ये पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. आपण कणगी भरून ठेवतो तसं.

सगळे ऑर्किड मात्र एकसारखे झोपत नाहीत, इथेच आपली गडबड होते. आपल्या रानातली सीतेची वेणी घ्या, गुलाबी-पांढऱ्या फुलांची शेपटीसारखी लोंबणारी. हीच आसामात कोपौ फूल म्हणून ओळखली जाते, बिहूच्या नाचात तिकडच्या मुली ती केसांत माळतात. तिला फुगीर कांड्या नाहीत, साठवण सगळी जाड पानांत आणि जाड मुळांत. ती पानं टाकून झोपत नाही, फक्त संथ होते.

म्हणून वहिनी, तुमच्यासाठी आणि ज्यांच्या घरी कुंडी आहे त्या सगळ्यांसाठी सांगते. आधी झाड कोणतं ते बघा. उसासारख्या कांड्या असतील तर ते डेंड्रोबियम. फुलं संपल्यावर वाळलेला दांडा तेवढा कापा, कांडी कापू नका. पानं गळाली तरी हिरवी आणि टणक कांडी जिवंत असते, नव्या कोंबाला तीच पोसते, कधीकधी तिलाच पुन्हा फूल येतं. जांभळी फुलं येणारं, बाजारात नेहमी मिळणारं डेंड्रोबियम उष्ण मुलखातल्या जातींपासून तयार झालेलं आहे. त्याला अगदी कोरडं पाडायचं नाही, पण पाणी निम्म्याहून कमी करा. कुंडीत बोट घालून बघा, आत कोरडं लागलं तरच द्या. डोंगराळ, थंड मुलखातून आलेलं डेंड्रोबियम असेल तर थंडीत जवळजवळ कोरडंच ठेवतात. त्याला तेव्हा पाणी दिलंत तर फुलांच्या जागी कांडीवर पिल्लं फुटतात. या पिल्लांना ऑर्किडवाले 'केकी' म्हणतात, तो हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ बाळ. बाळं झाली तर वाईट वाटून घेऊ नका. मुळं फुटली की वेगळी लावता येतात.

रुंद, जाड, जमिनीलगत पसरलेली पानं आणि पतंगासारखी फुलं असतील तर ते फॅलेनॉप्सिस. त्याला कांडी नाही, म्हणजे कणगीच नाही. त्याला कधी पूर्ण सुकवू नये, आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी पुरतं. त्याचा फुलांचा दांडा हिरवा असेल तर खालून दोन-तीन पेरं ठेवून कापा, तिथून पुन्हा फुटवा येऊ शकतो. वाळला असेल तर मुळापासून काढा. मोकळी लोंबणारी मुळं असलेली वांडा असेल तर मुळांचा रंग बघा. कोरडी असताना रुपेरी, भिजली की हिरवी. रुपेरी झाली की पाणी, एवढं सोपं.

कुंडी बदलायची तर फुलं संपून नवी मुळं डोकवायला लागली की बदला. माती अजिबात नको. विटेचे तुकडे, कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरतात. सोडणं आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यांतला तांबडा रंग जाऊ द्या. ताटली ठेवू नका. विसाव्याच्या दिवसांत खत नको, शेणाचं पाणी तर नकोच. नवा कोंब दिसला की पाणी आणि पातळ खत हळूहळू वाढवा. आपल्याकडच्या मुसळधार पावसात कुंडी पागोळीखाली ठेवू नका.

आता माझ्या जावेचं. हे सगळं वाचल्यावर मी तिच्याकडे गेले. आमची घरं शेजारी, पण बोलणं कामापुरतंच राहिलं होतं. परसात बघते तर आंब्याच्या खोडाला सुंभाने बांधलेलं एक डेंड्रोबियम. मेलेल्या सव्वीसांपैकीच एक. सगळ्यांनी उकिरड्यावर टाकलेल्यातून तिने सडलेला भाग कापून एक कांडी उचलली होती आणि खोडाला बांधून विसरून गेली होती. मुळांनी साल घट्ट धरलेली, तीन नव्या कांड्या. "गेल्या नवरात्रात फुललं," ती म्हणाली. "पाणी कोण घालतंय त्याला!"

मी तिला काचघरांची, कुजलेल्या हजारो रोपांची, लिंडलीची, हूकरच्या सात ओझ्यांची सगळी गोष्ट सांगितली. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी सूप खाली ठेवून म्हणाली, "एवढी झाडं मारली त्या साहेबांनी. त्यांना कोणी म्हटलं का, तुमच्या हाताला गुण नाही म्हणून?"

मी म्हटलं, "नाही गं. आणि मीसुद्धा तेव्हा बोलायला हवं होतं."

ती काही बोलली नाही. निघताना तिने खोडावरच्या जुन्या कांडीवरचं मुळं फुटलेलं एक पिल्लू काढून माझ्या हातात दिलं. ते मी बैठकीच्या पडवीत, विटेच्या तुकड्यांत लावलंय.